मूठमूठ हरभरा

लवंगीने मान वळवून आपल्याच कुशीकडे पाहिलं.

वत्सलाबाई ओसरीवर कापूस निवडत बसली होती. तिचा हात बोंडातच थांबला. माशी हाकलायला घोडी मान वळवते ते वेगळं असतं. तेव्हा शेपूट उडते, कातडीवरून थरथर सरकते. हे तसं नव्हतं. आतून कुणी हाक मारावी आणि आपण ओ न देता नुसतं बघावं, तसं लवंगीने वळून पाहिलं होतं. मग तिने मान सरळ केली आणि पुढच्या पायाने जमीन खरवडली. थांबली. पुन्हा खरवडली.

वत्सलाबाईने हातातलं बोंड खाली ठेवलं. कारण सकाळी तिने काय केलं होतं, ते तिलाच माहीत होतं.

लवंगी काठेवाडी घोडी. अंगाने काळसर तांबडी, लवंगेसारखी, आणि स्वभावानेही तशीच. तिच्या दोन्ही कानांची टोकं वर जाऊन एकमेकांना टेकायची. रतिलालने, म्हणजे वत्सलाबाईच्या नवऱ्याने, ती शिंगरू असताना सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली आणि दोरी धाकट्या भावाच्या हातात दिली. तेव्हापासून भाईदास घोडीचा आणि घोडी भाईदासची. गावात म्हणायचे, भाईदासला मुलगी कशाला बघता, त्याचं लग्न लागलेलं आहे, सासरही घरातच आहे.

तापीकाठचं ते गुजरांचं गाव. कापूस, केळी, ऊस आणि बैल. प्रत्येक दारात बैलजोडी, प्रत्येकाला बैलाचं दुखणंखुपणं ठाऊक. घोडी मात्र अख्ख्या गावात ही एकच. भाईदास तिचं काय करतो, ते लोक दारात उभं राहून बघायचे, नवलाने आणि थोडं हसून.

पहाटे तो तिला तापीच्या ओल्या वाळूत चालवायचा. आधी संथ, मग दुडकी. भरधाव सोडायचा तो क्वचित, आणि त्या दिवशी मग पायांना नदीचा गाळ लावून बांधून ठेवायचा. घरी आणून खरारा. घाम वाळला की पाणी, पाणी मुरलं की चंदी, म्हणजे दाणा. चंदीवर लगेच पाणी कधी नाही. हरभरा रात्री भिजवलेला, सकाळी भरडलेला, सातूच्या कोंड्यात कालवलेला, आणि तोही थोडाथोडा करून. यात्रेची शर्यत जवळ आली तसा त्याने चारा आणखी तोलून मापून केला. घोडीचं पोट आत गेलं, बरगड्यांच्या रेघा कातडीखाली पुसट दिसू लागल्या, पुठ्ठे घडवलेल्या दगडासारखे घट्ट झाले. भाईदास तिच्याकडे बघायचा आणि मनातल्या मनात खूश व्हायचा.

गावाला मात्र त्या रेघाच दिसायच्या. ज्याच्या बैलाची बरगडी दिसते त्याची गावात मान खाली. शेजारची मोतीबाई, सगळ्यांची काकी, येताजाता टोमणा मारल्याशिवाय राहायची नाही. "भाईदास, घोडी पाळी ऱ्हायना, का तिन्हा जीववर एकादशी धरी ऱ्हायना?" भाईदास हसायचा. म्हणायचा, काकी, जड पोटाने तुम्ही तरी धावाल का? मोतीकाकी म्हणायची, मी कशाला धावू, माझ्या तोंडाला काय लगाम लागलाय?

हसण्यावारी जायचं ते. पण बायकांच्या मनात ती बरगडी रुतून बसली होती.

त्या गावात एक रीत होती. कापसाच्या गाड्या हंगामात पहिल्यांदा लांबच्या बाजाराला निघाल्या की निघायच्या दिवशी घराघरांतून बाई यायची आणि बैलाच्या तोंडात मूठभर धान्य द्यायची. तिला वाटमूठ म्हणायचे. आपल्या दारावरून लांब जाणारं जनावर उपाशी जाऊ नये, एवढंच त्यात. मात्र वाटमूठ दिली असं देणारीने कुणाला सांगायचं नाही. पदराआडून द्यायची, मागे वळायचं नाही. बोलली की वाट बिघडते.

आज दुपारनंतर लवंगी यात्रेला निघणार होती. भाईदासने गल्लीतल्या बायाबापड्यांना हात जोडून सांगितलं होतं की कुंकू लावा, ओवाळा, पण खायला काही देऊ नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सकाळी तो नदीवर आंघोळीला आणि तिथून देवदर्शनाला गेला. घोडी बांधायचं ठाण गल्लीच्या तोंडाशीच होतं. पाण्याला जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांच्या अगदी वाटेवर.

वत्सलाबाईने तेव्हाच कोठीतला हरभरा मुठीत घेतला होता. कोरडा, खणखणीत. लवंगीने तिच्या तळहातावरून तो ओठांनी उचलला, कडाकडा चावला आणि तिच्या खांद्यावर गरम श्वास सोडला. वत्सलाबाई मागे न बघता घरात आली होती. तिचं मन तेव्हा किती हलकं झालं होतं.

आता लवंगी तिसऱ्यांदा कुशीकडे बघत होती.

भाईदास परत आला तो ओल्या केसांनी, कपाळाला अंगारा लावून, गुणगुणत. ठाणापाशी आला आणि गुणगुण तुटली. त्याने घोडीच्या कानाला हात लावला. मग ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. मग वाकून तिच्या कुशीला कान लावला आणि तसाच राहिला. तो कान लावून आहे, लावूनच आहे, हे बघताना वत्सलाबाई ओसरीवरून उठली. शेवटी तो उठला. चेहरा राखेसारखा झाला होता.

पोट बोलत नव्हतं. एरवी घोडीच्या पोटात सदा गुरगुर चालू असते, लांबच्या ओढ्यासारखी. आज आत काहीच वाजत नव्हतं.

त्याने अगाडी-पिछाडीच्या दोऱ्या सोडल्या आणि तिला घरामागच्या खळ्यात नेलं. चालवायला लागला. लवंगी चार पावलं टाकायची आणि गुडघे वाकवायची. खाली बसू देऊन चालणार नव्हतं. पोटशूळ उठलेली घोडी बसली की लोळते, लोळली की आतड्याला पीळ पडतो, आणि पीळ पडला की मग कुणाचं काही चालत नाही. हे भाईदासने मागे कधीतरी सांगितलं होतं, भाकरी खाताखाता, सहज. आता वत्सलाबाईला त्यातला शब्द न् शब्द आठवत होता.

रतिलाल शेतातून धावत आला. त्याने आधी भावाला दोन शब्द सुनावले, मग गड्याला बैलगाडी जुंपून नंदुरबारला जनावरांच्या डॉक्टरला आणायला पाठवलं. गाडी निघाली खरी, पण नदी उतरून नंदुरबार गाठायचं आणि परत यायचं, म्हणजे दिवस मावळणार. आणि डॉक्टरही यात्रेलाच गेला असला तर? सगळ्यांनी गाडीच्या धुळीकडे बघितलं आणि नजरा खाली केल्या.

खळ्याच्या कडेला गल्ली जमली. मोतीकाकीने मीठ-मोहरी उतरवून टाकली. कुणीतरी म्हणालं, नजर लागली, एवढी देखणी घोडी, लागणारच. बाकीच्या बायका घाईघाईने हो, हो म्हणाल्या. वत्सलाबाईही म्हणाली. नजरच असली तर किती बरं होईल, असं तिला वाटलं.

लवंगीला घाम फुटला. आधी कानामागे, मग मानेवर, मग सगळ्या अंगावर. मार्गशीर्षातली गार हवा, आणि घोडीच्या पोटाखालून थेंब गळत होते. नाकपुड्या फुलून आत लाल दिसत होत्या. ती भाईदासकडे बघायची, आणि त्या बघण्यात राग नव्हता, हट्ट नव्हता. हे काय होतंय मला, एवढंच होतं.

"हिनी काय खादं?" भाईदासने फिरताफिरताच विचारलं. "ठाणवर कोनी काही टाकं का? खरं सांगा."

खळ्यातल्या भुशावर एक चिमणी टुणटुणत होती, सगळ्या बायका तिच्याकडेच बघत राहिल्या. वत्सलाबाईच्या ओठांवर शब्द आला आणि तिने तो गिळला. सांगितलं तर वाट बिघडेल. वाट म्हणजे आता यात्रेची वाट थोडीच उरली होती. ही जी वाट घोडी आत्ता चालत होती, जगण्या-मरण्याच्या मधली, तीच बिघडली तर? आणि दुसरी भीती त्याहून काळी होती. एका मुठीने घोडी मेली, आणि ती मूठ माझी, हे भाईदासला कळलं तर तो मला काय म्हणेल? काहीच म्हणणार नाही. ते न म्हणणंच तिला सोसलं नसतं.

भाईदासने दोरी रतिलालकडे देऊन ठाण धुंडाळून पाहिलं. कुठे पाला नाही, दाणा नाही. लवंगीने सगळं चाटूनपुसून खाल्लं होतं. तेव्हा तो म्हणाला, कडबा कोरडा गेला असेल, आत घट्ट बसला असेल, नाहीतर दुसरं काय? रतिलालने ते उचललं. बैलाला असं झालं की ते कोमट मिठाचं पाणी पाजायचे, बांबूच्या नळकांड्याने, घागरी-घागरीने. त्याने तसं सांगून टाकलं. चुलीवर हंडा चढला.

भाईदास घुटमळत होता. त्याचं मन घेत नव्हतं. पण घोडीने पुन्हा गुडघे वाकवले आणि रतिलालचा धीर सुटला.

"पानी पाज, भाईदास. आते नही तं कव्हय?"

हंड्यातून वाफ निघायला लागली. वत्सलाबाई चुलीशी उभी होती. हात आपोआप पाणी ढवळत होते, आणि त्या पाण्यात तिला दुसरंच काहीतरी दिसलं. आपल्या घरातलं हरभऱ्याचं पातेलं. रात्री तळाशी बोटभर हरभरा टाकावा, वर पाणी ओतावं, आणि सकाळी झाकण उचलून तो वर आलेला असावा. दाणा दुप्पट फुगलेला, भांड्याच्या काठाला टेकलेला. किती वेळा तिने हसून म्हटलं होतं, बाई गं, हा तर भांडं फोडेल.

बैलाचं पोट वेगळं. बैल घाईने गिळतो, मग झाडाखाली बसून निवांत वर काढतो आणि रवंथ करतो. त्याला जड झालेलं परत तोंडात येतं. घोडीला तो रस्ता नाही. घोडीच्या पोटात गेलेलं पुढेच जातं, मागे येत नाही. ओकारीसुद्धा तिला नाही. हेही भाईदासनेच कधीतरी सांगितलं होतं. तिने ऐकलं होतं, पण सकाळी मूठ भरताना तिच्या डोळ्यांपुढे घोडी नव्हती, उपाशी निघालेला बैल होता.

नळकांडं भरून रतिलाल खळ्याकडे चालला. भाईदासने लवंगीची मान वर धरली होती. लवंगीने पाण्याचा वास घेतला आणि तहानेने आपणहून तोंड पुढे केलं.

"पाजू नका," वत्सलाबाई म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की तिलाच ऐकू आला नाही. ती चालत पुढे गेली. डोक्यावरचा पदर घसरला होता, दीर आणि नवरा समोर होते, गल्ली बघत होती. तिने नळकांड्यावर हात ठेवला.

"पाजू नका. मी सकायले वाटमूठ दिधी तिले. हरबरा. कोरडा."

रतिलालने नळकांडं खाली घेतलं. भाईदास तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. पण भाईदास तिच्या पलीकडे बघू लागला होता, खळ्याच्या कडेला उभ्या असलेल्या बायकांकडे.

"एक मूठवरी इतलं व्हस नही, वहिनी," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नसून भीतीच होती. "आखो कोनी दिधं?"

मोतीकाकी जमिनीकडे बघत होती. मग तिने तोंडावर पदर दाबला आणि म्हणाली, "मी बी दिधं रे, भाऊ. मन्हा हात आगमा जयो."

मग दुसरी बोलली. मग गल्लीतल्या चुनीलालची आई. मग तिची सून, तिने सासूपासून लपवून वेगळी मूठ दिली होती. जिने तिने आपली एकच मूठ मोजली होती, आणि जिला तिला वाटत होतं की सगळा दोष आपल्याच मुठीचा. आता एकीचं तोंड उघडलं तशी सगळ्यांची उघडली. रीत मोडली जात होती आणि कुणाला थांबवता येत नव्हतं.

भाईदासला किती ते कळायला हवं होतं. मूठ म्हणजे किती? कुणाची लहान, कुणाची दांडगी. मोतीकाकीनेच मग घरातून सूप आणलं, कोठीतला हरभरा आणला आणि सूप खळ्यात ठेवलं. ज्या बाईने जेवढा दिला तेवढा तिने सुपात टाकायचा. वत्सलाबाईने पहिली मूठ टाकली. दाणे सुपावर तडतडले. मग एकेक बाई पुढे येऊन वाकत होती, टाकत होती आणि मागे सरत होती. एकीने मूठ टाकली, दोन पावलं गेली, आणि परत येऊन दुसरी टाकली. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

सुपाच्या मध्ये ढीग झाला. पसरला. काठाला लागला. भाईदासने भरल्या सुपात हात घालून दाणे वर-खाली केले. मग लगेच उठून दोरी ताणली, कारण लवंगी बसू पाहत होती.

"इतलं पानीसंगे फुगतं, तं पोट फाटतं," तो म्हणाला. एवढंच.

रतिलालने नळकांड्यातलं पाणी लांब नेऊन ओतलं. घोडीला वास येऊ नये म्हणून हंडाही आत नेला. मग कुणी जवसाचं तेल आणलं, कुणी हिंग, कुणी ओवा. भाईदासने तेलात हिंग खलवला आणि लवंगीची मान हळूहळू उंच केली. घाईत दिलं तर तेल फुप्फुसात जातं, म्हणून घोट-घोट, गळा हललेला बघून पुढचा घोट. अर्धं तिच्या ओठांवरून त्याच्या दंडावर ओघळलं. 

मग फक्त चालवणं उरलं.

फेऱ्यामागून फेरा. खळ्याच्या मधल्या मेढीभोवती, एरवी बैल मळणीला फिरतात तिथे. भाईदास दमला की रतिलाल, रतिलाल दमला की चुनीलाल. पण लवंगी इतरांच्या हाती अडून राहायची. आणि तहान तिला स्वस्थ राहू देत नव्हती. नदीकडून वारा आला की ती तिकडे मान टाकायची, दोरी ताणायची. पाणी नाही म्हणणं हे मारण्याइतकं कठीण होतं. रतिलाल एकदा तोंड फिरवून डोळे पुसताना वत्सलाबाईला दिसला. लग्नानंतर तिने पहिल्यांदाच त्याला तसं पाहिलं.

मग लवंगी पडली.

पाय न वाकवता, एकदम कुशीवर. धप्प असा आवाज झाला आणि धूळ उठली. तिने चारी पाय हवेत झाडले, पाठ जमिनीला घासली, लोळायला वळली. भाईदास तिच्या मानेवर आडवा पडला. वत्सलाबाईला काही कळायच्या आत तिचे स्वतःचे हात घोडीच्या ओल्या पाठीवर होते. मोतीकाकीने खांदा लावला, सून आणि सासूने एकमेकींना धरून नेट लावला. घोडीची टाप एका बाईच्या पायाला लागली, ती बाई विव्हळली, पण हटली नाही. लवंगीचे डोळे पांढरे झाले होते. ती कुणाला ओळखत नव्हती. "ऊठ, माय, ऊठ," असं भाईदास तिच्या कानात म्हणत होता, आणि कान दोन दिशांना पडले होते. टोकं एकमेकांपासून लांब गेलेली.

ती उठली. कशी, ते कुणालाच सांगता आलं नसतं. थरथरत उभी राहिली, आणि पाऊल टाकेना.

वत्सलाबाईने तिच्या पुढे जाऊन दोरी घेतली. काय करावं हे तिला माहीत नव्हतं. लवंगीचं ठाण आणि घरातलं जातं, मध्ये एकच भिंत होती. शिंगरू असल्यापासून तिने रोज पहाटे दळताना ओव्या म्हणणाऱ्या वत्सलाबाईचा आवाज ऐकला होता. तोच आवाज तिने आता काढला. सूर लागत नव्हता. तरी ती त्या गोल खळ्यात उलटी चालत, घोडीकडे तोंड करून म्हणत राहिली:

चाल मन्ही लवंगी, खयं शे गोल,
पावले पाव लाव, जाऊ नको खोल.

लवंगीचा एक कान हलला. वत्सलाबाईने एक पाऊल मागे टाकलं.

दोन कान तुन्हा, दारनं तोरन,
तोरनखाले माय, कसं येई मरन?

घोडीने पाऊल टाकलं. मग दुसरं. भाईदास बाजूने चालत होता, तिच्या कुशीला हात लावून, जणू त्या हातानेच तिला उभं धरलं होतं. कडेच्या बायकांनी सूर धरला. ज्या गल्लीला सकाळपासून तोंड उघडायची भीती वाटत होती ती सगळी गल्ली आता हळू आवाजात गात होती. मोतीकाकीने आपली ओवी जोडली. गाताना तिचा नेहमीचा टोमण्याचा सूर होता, फक्त टोमणा आता स्वतःलाच होता:

घोडी नही बोले, घोडी नही रडे,
मानूसना लाड, तिन्हा पोटमा अडे.

उन्हं कलली. खळ्यातल्या मातीवर टापांचं एक कडं उमटलं होतं आणि त्यात पावलांचं दुसरं. गाणं थांबलं की लवंगी थांबायची, म्हणून गाणं थांबत नव्हतं. शब्द संपले तेव्हा नुसते सूर राहिले. भाईदास मधूनमधून कान लावायचा. दरवेळी तो नाही म्हणून मान हलवायचा.

आणि एकदा त्याने कान लावला तो काढलाच नाही. हात वर केला. बायका गप्प झाल्या.

"बोली ऱ्हायनं," तो कुजबुजला. "पोट बोली ऱ्हायनं."

थोड्याच वेळाने लवंगीने शेपूट उचलली. आधी वारा सुटला, मोठ्ठा, लांबलचक. चुनीलालला हसू फुटलं आणि त्याने ते लगेच दाबलं. मग लीद पडली. तेलकट, घट्ट गोळे, आणि त्यांच्यामागून सैल. त्या लिदीच्या वासाला अख्खी गल्ली अत्तरासारखी सामोरी गेली. भाईदासने गुडघे टेकून गोळा बोटांनी फोडला. आत दाणे होते. बरेच अख्खे, न चावताच गिळलेले, फुगून गुबगुबीत झालेले.

बायका रडू लागल्या. वत्सलाबाईला मात्र रडू येईना. भाईदासचा चेहरा अजून निवळला नव्हता.

त्याने भावाला बाजूला घेतलं. शर्यत गेली, हे तर सांगायची गरजच नव्हती. पण एवढा दाणा खाल्लेल्या घोडीचं पोट सुटलं तरी विख पायांत उतरतं, तो सांगत होता. खुरं आतून तापतात. तापली की घोडी उभी राहत नाही. मग ती जगली तरी पळणं नाही, कधीकधी चालणंही नाही. तो बोलला हळू, पण वत्सलाबाईने ऐकलं.

सूर्य टेकला तेव्हा लवंगी तापीच्या पात्रात गुडघाभर पाण्यात उभी होती. एका बाजूला भाईदास, दुसऱ्या बाजूला वत्सलाबाई, लुगडं मांडीपर्यंत ओलं. खुरं गार राहावीत म्हणून. घोट-दोन घोट पाणी आता तिला दिलं होतं, जास्त नाही. पलीकडच्या काठाने यात्रेच्या गाड्या चालल्या होत्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज पाण्यावरून येत होता आणि त्यात कुणाच्या तरी घोड्याचं खिंकाळणं. लवंगीने कान टवकारले. ओरडली नाही.

काठावर गल्ली बसून होती. कुणी घरी गेलं नव्हतं. चुली पेटल्या नव्हत्या, नंदुरबारला गेलेली गाडी अजून परतली नव्हती.

भाईदासने वाकून खुराला हात लावला. बराच वेळ ठेवला. मग हात बाहेर काढून पाहिला, चोळला, परत ठेवला.

"गरम शे का?" वत्सलाबाईने विचारलं.

"माले समजत नही. हात गार पडनात मन्हा. तुमी देखा, वहिनी."

तिने पाण्यात हात घातला. खूर गुळगुळीत, कठीण. गार होतं. पण पाणीही गारच होतं, आणि कोणता गारवा कुणाचा, ते बोटांना सांगता येईना. खोटा धीर द्यायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने तो दिला नाही.

"बाहेर ली चाल," ती म्हणाली. "कोरडं व्हवू दे. मंग सांगसू."

त्यांनी लवंगीला वाळूवर आणलं. वत्सलाबाईने पदराने एकेक खूर पुसलं आणि मग तिथेच, घोडीच्या पायांशी, ओल्या लुगड्याने बसून राहिली. भाईदास उभा. वाळूत दिवसाची थोडी ऊब होती. अंधार हळूहळू पाण्यावरून काठाकडे येत होता. तिने स्वतःचे हात काखेत धरून ऊबदार केले, आणि मग एका तळव्याने पुढचं खूर धरलं.

ती वाट बघत राहिली. आतून काही येतंय का, ताप, धडधड, काही. तिला फक्त आपल्याच मनगटातली नाडी लागत होती, भरधाव.

मग लवंगीने तो पाय तिच्या हातातून सोडवून घेतला. हळूच, झटका न देता. पुढे टाकला आणि त्यावर अंग रेलून दोन पावलं गेली, काठाच्या वाळक्या गवताकडे. भाईदास श्वास रोखून तिच्या पायांकडे बघत होता. ती लंगडत नव्हती. तिने गवत हुंगलं. भाईदासने दोरी आखडली, नाही, आज नाही, म्हणाला, आणि म्हणताम्हणता तिच्या मानेत तोंड खुपसून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"आज रातभर देखनं पडी," तो तसाच म्हणाला. "सकाय पन."

"देखसूत," वत्सलाबाई म्हणाली. तिने दुसरं खूर हातात घेतलं.